रिकाम्या मात्रेतला शब्द

रेणुकाला राग यायला फार काही लागत नाही, हे लातुरात तिच्या वर्गाला येणाऱ्या पोरांपासून त्यांच्या आयांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या दिवशी जे लागलं ते अगदीच किरकोळ होतं. दोन अक्षरं.

सकाळची वेळ, वर्गात अजून कुणी आलेलं नव्हतं. रेणुका तंबोऱ्याच्या खुंट्या पिळत बसली होती आणि नांदेडहून मल्लिनाथअण्णांचा फोन आला. मल्लिनाथअण्णा म्हणजे तिचे गुरुबंधू. दोघं एकाच गुरूकडे शिकले आणि आता ते नांदेडला, ही लातूरला, असे आपापले गायनाचे वर्ग चालवतात. एरवी त्यांचं बोलणं व्हायचं ते दिवाळीला आणि मास्तरांच्या पुण्यतिथीला. हा फोन मधलाच होता.

"रेणुका, तुझ्या पोरींचा व्हिडिओ बघितला," अण्णा म्हणाले. "गातेत चांगल्या. पण समेवर आल्या की मधीच ते 'हाव' काय म्हणून राहिल्यात?"

"चिजेतला शब्द हाय तो, अण्णा."

"न्हाई. तिथं शब्दच न्हाई. तिथली मात्रा रिकामी हाय. मास्तरांनी मला तशीच दिली."

"मग तुमाला अर्धी दिली असंल," रेणुका म्हणाली आणि तिनं फोन ठेवून दिला.

ठेवल्यावर तिला वाटलं, जरा जास्तच झालं. पण वाटलं तेवढंच. परत फोन काही तिनं केला नाही.

मास्तर म्हणजे गुरुपादप्पा मास्तर. देवणीच्या एका शाळेत संगीत शिकवायचे. शाळेत संगीताला जी किंमत असते तीच तिथंही होती, म्हणजे पंधरा ऑगस्टला स्वागतगीत आणि बाकी वर्षभर मास्तरांच्या तासाला गणिताचे राहून गेलेले धडे. खरं शिकवणं व्हायचं ते संध्याकाळी, त्यांच्या घरी. मास्तर लिंगायत; घरात कानडी, दारात मराठी आणि गाण्यात ब्रज. त्यांना कडक म्हणणं फारच सौम्य झालं. त्यांच्यासमोर वही काढायची सोय नव्हती. जे काही मिळायचं ते त्यांच्या तोंडातून आपल्या कानात, आणि कानातून गळ्यात उतरेपर्यंत घरी जायचं नाही. आणि 'वा' हा शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकलेला नव्हता. एकदा कुणा पाहुण्यानं त्यांना छेडलं, तर म्हणाले, "समेवर आला म्हणून वा कशाला म्हणू? माणूस बाजारातून घरी परत आला तर त्याचा सत्कार करताव का?"

मल्लिनाथ हा मास्तरांच्या बहिणीचा मुलगा, शिकायला त्यांच्याच घरी राहिलेला. रेणुका जवळच्या खेड्यातली. तिचे वडील निवृत्ती गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि भीमजयंतीला त्यांची गाण्याची पार्टी असायची. एका चौदा एप्रिलला ही परकरातली पोर पेटीच्या मागं उभं राहून अशी काही गायली की भाजीची पिशवी घेऊन चाललेले मास्तर मंडपाच्या कडेला थांबले ते शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी ते निवृत्ती गुरुजींच्या दारात हजर. "पोरीला माझ्याकडं पाठवा," एवढंच म्हणाले. रेणुकाची आई सरजाबाई आडपडदा न ठेवता बोलणारी. तिनं विचारलं, "घरात घेताव का पण?"

मास्तर म्हणाले, "घरात न्हाई घेतलं तर शिकवू कुठं? स्टँडवर?"

आणि त्यांनी घेतलं. आत, बैठकीत, मल्लिनाथच्या शेजारी, एकाच सतरंजीवर. पण मास्तरांनी घेतलं म्हणून सगळ्यांनी घेतलं असं थोडंच असतं. भाऊबंदांत कुजबुज होती आणि पुढं ती गाण्यातल्या मंडळींतही पोचली: अस्सल माल मास्तरांनी घरच्या पोराला दिला, हिला आपलं वरवरचं. तिच्या तोंडावर कधी कुणी म्हणालं नाही. असल्या गोष्टी तोंडावर म्हणायची पद्धत नसते. पण रेणुकाच्या कानावर ते यायचं, आणि कान तर तिचे मास्तरांनीच तयार केलेले.

आता त्या चिजेचं, म्हणजे बंदिशीचं. मास्तरांनी स्वतः बांधलेल्या चिजांपैकी एकच मागं राहिली, पूरिया धनाश्रीतली. 'दीप बुझावत आई पवनिया, ओट करो निज हाथन की.' दिवेलागणीचा राग आणि दिवेलागणीचंच गाणं: वारा आलाय दिवा विझवायला, आपल्या हातांचा आडोसा कर. यातल्या 'ओट'वर सम येते, म्हणजे तालाची ती पहिली मात्रा, जिथं गाणारा आणि तबला फिरून फिरून एकमेकांना येऊन भेटतात. त्या 'ओट'ला पंचम लागतो. आणि त्याच्या पुढच्या मात्रेवर, रेणुका शिकली त्याप्रमाणे, 'हाव'. ओट, हाव, करो.

तिच्या वर्गात वर्षानुवर्षं पोरं हेच शिकत आली. एका प्राध्यापकांनी तर दिवाळी अंकात लेख लिहिला की ब्रज भाषेत हाव म्हणजे नायिकेची लाडिक हालचाल. दिव्याभोवती हात धरण्यातली सगळी अदा मास्तरांनी या एका शब्दात आणली आहे. रेणुकानं तो लेख फ्रेम करून वर्गाच्या भिंतीवर लावला. तसं पुस्तकी मराठीत हाव म्हणजे लोभ आणि आपल्या मराठवाड्यात हाव म्हणजे नुसतं हो, हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण चिजेत बसलेल्या शब्दाला गावचा अर्थ कोण लावतो! ब्रजचा म्हटला की ब्रजचा.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, लातूरनं 'हाव' गायलं असतं आणि नांदेडनं गायलं नसतं. पण यंदा मास्तरांची जन्मशताब्दी आली. नांदेडला कार्यक्रम ठरला आणि दोन्ही वर्गांच्या पोरांनी मिळून ती चीज गायची, तिचं नीट रेकॉर्डिंग करायचं आणि पुढं दोन्हीकडं त्यावरूनच शिकवायचं, असं अण्णांनीच सुचवलं होतं. म्हणजे पाठ एकच ठरवणं आलं. 'हाव' राहिला तर रेणुकाची विद्या पक्की, घरच्या पोरालाही न दिलेला शब्द मास्तरांनी तिला दिला होता. 'हाव' गेला तर कुजबुजणाऱ्यांचं खरं: हिला मास्तरांनी नीट दिलंच नाही, हिनं आपलं काहीतरी मधे घुसडलं. रेणुकाच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्या दोन अक्षरांवर तिचं सगळं शिकणं नि शिकवणं उभं होतं, निदान तिला तरी तसं वाटत होतं.

तालमीच्या रविवारी ती पोरांना घेऊन नांदेडला निघाली. लोह्याच्या अलीकडं तिनं मागं वळून सगळ्यांना बजावलं, "तिथं गेल्यावर दबायचं नाही. 'हाव' खणखणीत आला पाहिजे. काय?"

"हो ताई," पोरं म्हणाली. लातूर शहरातली पोरं. हाव म्हणजे हो हे त्यांनी आजोळी ऐकलेलं, पण स्वतः ती 'हो'च म्हणतात. तिची सगळ्यात जुनी शिष्या प्रियदर्शनी हळूच म्हणाली, "ताई, अण्णा मोठे आहेत. वाद नका घालू."

"मी कुठं घालून राहिले? वाद त्यांनी घातलाय, मी फक्त जिंकणार आहे."

मल्लिनाथअण्णांचा वर्ग म्हणजे त्यांच्यासारखाच होता. चादरीला सुरकुती नाही, चपला बाहेर रांगेत, भिंतीवर मास्तरांचा फोटो आणि त्याला ताजा हार. अण्णा पांढऱ्या शर्टात, रुमालाची घडी गुडघ्यावर ठेवून बसलेले. त्यांनी रेणुकाची विचारपूस केली, पोरांना पोहे दिले, फोनचा विषय काढला नाही. रेणुकाला वाटलं, भांडले असते तर बरं झालं असतं.

मग दोन्ही वर्ग एकत्र बसून गायला लागले. पहिल्याच आवर्तनात गोंधळ. 'ओट' सगळ्यांची एकत्र आली आणि पुढच्या मात्रेवर अर्धी खोली 'हाव' म्हणाली, अर्धी गप्प. पुढच्या वेळी लातूरची पोरं आणखी जोरात म्हणाली आणि नांदेडची पोरं आणखी ठासून गप्प बसली. तबलजी मान खाली घालून हसायला लागला.

"थांबा," अण्णा म्हणाले. "असं न्हाई जमायचं. आदी तुमचा पाठ ऐकू, मग आमचा. मग ठरवू."

लातूरची पोरं गायली. झकास गायली. रेणुकानं अण्णांकडं बघितलं. अण्णा म्हणाले, "तयारी चांगली हाय," आणि आपल्या पोरांकडं वळून म्हणाले, "पुनम, तू धर."

पुनम अण्णांची शिष्या, कॉलेजात जाणारी, अंगानं बारीक आणि जराशी घाबरट. नायगावहून एसटीनं येऊन शिकायची. तिनं डोळे मिटले आणि चीज धरली. रेणुका ऐकत होती ती खोट काढायच्या इराद्यानं, हे कबूल केलं पाहिजे. 'पवनिया'वर पोरीनं आवाज जरा मागं ठेवला, जणू पुढं जावं की नाही असं. मग तिथून उचलून ती 'ओट'च्या पंचमावर आली. कशी आली हे सांगता येणार नाही. घाई नाही, जोर नाही, आणि तबल्याचा 'धा' पडला तेव्हा ती आधीपासून तिथंच बसलेली होती. त्यानंतरची मात्रा मोकळी सुटली.

"हाव," रेणुका म्हणाली.

खोलीत सगळ्यांनी वळून बघितलं. पण सगळ्यांत जास्त दचकली ती रेणुकाच. कारण तो शब्द तिनं म्हटला नव्हता, तो तिच्या तोंडून निघाला होता. चिजेतला शब्द म्हणून नाही. पोर समेवर बरोबर आली, म्हणून. आणि निघाला तो अगदी त्याच मात्रेवर, त्याच खालच्या सुरात, ज्या सुरात तिच्या वर्गातली पोरं तो गात आली होती.



लातुरात इतकी वर्षं शिकवताना हे कधी झालं नव्हतं, आणि होणार तरी कसं? एक तर बी.एड.च्या वेळेपासून तिनं स्वतःची जीभ घासून-पुसून घेतली होती. वर्गात ती पोरांना 'छान' म्हणायची, पालक समोर असले तर 'व्हेरी गुड'. आणि दुसरं म्हणजे तिच्या पोरांनी ती मात्रा आधीच भरून टाकलेली असायची. तिथं शाबासकीला जागाच नव्हती. आज पहिल्यांदा ती जागा रिकामी मिळाली आणि आत कुठंतरी पडून राहिलेला मास्तरांचा आवाज तिच्या तोंडानं बोलून गेला.

तिला सगळं आठवलं. ती चीज मास्तरांनी दोघांना वेगवेगळी बसवून दिली होती. शिकताना 'ओट'वर ती यायची, श्वास घ्यायला थांबायची, आणि मास्तर म्हणायचे, "हाव." तिला वाटायचं, शिष्याला दम घेता यावा म्हणून चिजेतला हा शब्द गुरू म्हणतात. मास्तरांच्या तोंडून कौतुक निघतं हेच मुळी ठाऊक नव्हतं, मग ते कौतुक आहे हे कळणार कसं! त्या चिजेनंतर काही महिन्यांतच मास्तरांना पक्षाघात झाला आणि वाचा गेली. एकदा त्यांच्या खाटेशी बसून तिनं ती चीज गायली. मास्तरांना म्हणता येत नाही म्हणून त्यांचा शब्दही तिनंच म्हटला. ओट, हाव, करो. तेव्हा मास्तर हसायला लागले. अर्ध्याच तोंडानं, पण एवढे हसले की डोळ्यांतून पाणी आलं आणि मास्तरीणबाईंना येऊन पाठ चोळावी लागली. सगळे म्हणाले, पोरीचं गाणं ऐकून आनंद झाला. रेणुकाही आजवर तेच धरून बसली होती. आणि आता तिला कळलं की म्हातारा आपल्यावर हसत होता! त्यांचंच 'हो' ही पोर त्यांना सुरात गाऊन दाखवत होती आणि बिचाऱ्यांना सांगताही येत नव्हतं.

इकडं खोलीत वेगळाच अर्थ लागला होता. "बगा, हिला राहावतच न्हाई," अण्णा हसून म्हणाले. "दुसऱ्याच्या चिजेत सुदा हाव घुसडून राहिली." पोरं हसली. चहा आला.

म्हणजे कुणालाच कळलं नव्हतं. रेणुकानं कप हातात घेतला आणि एक घोट घेईपर्यंत तिनं विचार केला. गप्प बसता आलं असतं. भिंतीवर फ्रेम होती, प्राध्यापकांचा लेख होता, वाद घालायला तोंड होतं. अण्णा भांडकुदळ नव्हते. फार ताणलं तर त्यांनीच सोडून दिलं असतं आणि 'हाव' कायमचा चिजेत बसला असता. पण मास्तरांचं ते अर्ध्या तोंडाचं हसणं तिला डोळ्यांसमोरून हलवता येईना. आणि मग तीच हसायला लागली. अशी हसली की चहा बशीत सांडला.

"अण्णा, तुमचंच खरं हाय," ती म्हणाली. "तिथं शब्द न्हाई. ते मास्तर मला म्हणायचे. मी समेवर नीट आले की हाव म्हणायचे, आणि मी येडी ते चीज म्हणून पाठ केली!"

तिनं सगळं सांगितलं, खाटेजवळचंसुद्धा. पोरं लोळायची बाकी राहिली. प्रियदर्शनीनं डोळे पुसत विचारलं, "म्हणजे ताई, एवढी वर्षं आम्ही मास्तरांची शाबासकी गात होतो?"

"हाव!" रेणुका म्हणाली आणि पुन्हा हशा पिकला.

तिला इतकं हलकं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं. वरवरचं दिलं म्हणे! अरे, ज्या माणसानं जन्मात कुणाला 'वा' म्हटलं नाही, तो माणूस तिच्या एकेका समेला 'हाव' म्हणत होता, आणि इतक्या नेमानं म्हणत होता की तिला ते गाण्यातलंच वाटलं. याहून पक्की पावती कुठली असते? तिची मान आपोआप ताठ झाली.

तेव्हा तिचं लक्ष अण्णांकडं गेलं. ते हसत नव्हते. रुमालाची घडी मोडून पुन्हा घालत होते.

"तुमाला कानडीत म्हणत असतील, अण्णा," ती म्हणाली. "हावच्या जागी हौदु म्हणून."

"माझ्याशी कानडीतच बोलायचे," अण्णा म्हणाले. "पण त्या जागी कधी काही बोलले न्हाईत. हौदु न्हाई आन् हावबी न्हाई. मला वाटलं, ती जागाच तशी हाय. पोरांना मी काय शिकवलंय ठाऊक हाय का? इथं श्वास रोखायचा. दिव्याची वात हलून स्थिर होईपर्यंतची ही शांतता हाय म्हणून." त्यांनी घडी पुन्हा मोडली. "तसं काही न्हवतंच की मग. मी समेवर येत असंल आन् ते नुस्ते गप्प बसत असतील."

वाद अण्णा जिंकले होते, पाठ त्यांचाच ठरला होता, आणि त्यांच्याकडं बघवत नव्हतं. रेणुकाला त्यांच्यासाठी फार फार वाईट वाटलं. एकाच सतरंजीवर बसलेला हा माणूस, तिच्याआधी आलेला, तिच्यापेक्षा जास्त मेहनत केलेला. त्याचा पंचम कधी चुकला नव्हता. पण मास्तर काय ऐकत होते कुणास ठाऊक.

परत गेल्यावर तिनं भिंतीवरची फ्रेम उतरवली आणि पोरांच्या तोंडून 'हाव' काढायला घेतला. बसवायला जेवढे कष्ट पडले नव्हते तेवढे काढायला पडले. छोटी मुलं त्या मात्रेवर तोंडावर हात दाबून धरायची. एक मुलगी ओठ मिटून घ्यायची, पण मान हलायचीच. तरी कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत मात्रा मोकळी झाली. प्राध्यापकांना तिनं फोन करून खरं सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, हा अर्थ माझ्या अर्थापेक्षा चांगला आहे. पुढच्या अंकात लिहितो."

नांदेडचं सभागृह संध्याकाळी भरलं होतं. देवणीहून, उदगीरहून मास्तरांचे जुने विद्यार्थी आले होते, कुणी डॉक्टर, कुणी आडत दुकानदार. भाऊबंदही आले होते. मंचावर मागं दोन्ही वर्गांची पोरं एकमेकांत मिसळून बसली, पुढं मल्लिनाथअण्णा, आणि त्यांच्या मागं तंबोऱ्यावर रेणुका. ठरलं असं होतं की चीज आधी अण्णांनी एकट्यानं मांडायची आणि मग पोरांनी धरायची.

अण्णांनी सुरुवात केली. आवाज वयाच्या मानानं स्वच्छ होता. 'ओट'वर आले, बरोबर आले. रेणुका तारा छेडत ऐकत होती. पुन्हा आले, पुन्हा बरोबर. आणि तेव्हा तिला समजलं की मास्तर का गप्प बसत असतील. अण्णा समेवर येत नव्हते, समेची खात्री करून घेत होते, कुलूप लावल्यावर ओढून बघतो तशी. पंचम खरा होता, पण त्यात आपण चुकू ही भीती होती. ती भीती पोरपणापासूनची असणार. गुरूच्याच घरात राहणाऱ्या पोराला दुसरं काय मिळतं? रेणुका संध्याकाळी घरी जायची. मल्लिनाथला जायला दुसरं घर नव्हतं.

अंतरा झाला. अण्णा परत मुखड्याकडं वळले, आणि 'पवनिया'वर काय झालं ते त्यांनाच माहीत. बोटांवर मात्रा मोजणारा हात थांबला. समोर कोण बसलंय, मागं कोण ऐकतंय, सगळं त्यांच्या ध्यानातून गेलं असावं. आवाज जरासा कापरा झाला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. कुठलीही खात्री न करता ते 'ओट'वर आले, आणि पंचम असा लागला की रेणुकाचा हात तारेवर अडखळला.

"हाव," ती म्हणाली.

माईक जवळच होता. सगळ्या सभागृहात ऐकू गेलं. अण्णांचा हात हवेत तसाच राहिला. पुढचं 'करो' आलंच नाही. तबलजी मुकाट ठेका धरून राहिला. अण्णांनी मान वळवली नाही, पण त्यांचे खांदे मागून तिला दिसत होते आणि ते हलत होते. मग त्यांनी चष्मा काढला, रुमालानं डोळे टिपले आणि मुखडा पुन्हा उचलला.

आता खरं तर पोरांची पाळी होती. लातूरच्या पोरांनी ताईचा 'हाव' कानांनी ऐकला होता. आठवडाभर तोंड दाबून बसलेली ती पोरं; त्यांना वाटलं, परवानगी मिळाली. 'ओट'वर सगळी एकत्र आली आणि पुढच्या मात्रेवर लातूरनं असा काही 'हाव' ठोकला की पहिल्या रांगेतले म्हातारे सावरून बसले. रेणुकानं डोळे वटारले, पण तिच्याकडं कोण बघतंय? नांदेडची पोरं गांगरून आपल्या सरांकडं बघायला लागली. सर काही थांबवत नव्हते. पुढच्या आवर्तनाला पुनमनं हळूच 'हाव' म्हटलं. त्याच्या पुढच्याला शेजारच्या दोघींनी. मग सगळ्यांनीच. अण्णा पुढं एकटे 'ओट'वर येत होते आणि मागून दोन्ही गावांची पोरं त्यांना जोरजोरात 'हाव' म्हणत होती, आणि कुणी कितीही ठरवलं असतं तरी ते आता थांबणार नव्हतं.

टाळ्या संपल्यावर रेकॉर्डिंगवाला मंचामागं आला. "सर, मधे मॅडमचा आवाज आलाय, आणि तुमचा एक शब्द गळालाय. हॉल अजून आपल्याकडंच आहे. एकदा परत घेऊ या का?"

अण्णांनी त्याला थांबायची खूण केली आणि ते रेणुकाकडं वळले. चेहरा पोरासारखा झाला होता. विचारावं की नाही असं त्यांचं चाललेलं दिसत होतं.

"खरं सांग," त्यांनी विचारलं. "माझी कीव आली म्हणून म्हणलीस का?"

"कीव?" रेणुका म्हणाली. "अण्णा, पहिल्या दोन्ही समांना मी गप्प होते. ऐकलं न्हाईत का?"

ऐकलं होतं त्यांनी. आयुष्यभर तेच तर ऐकलं होतं. मग ते रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाले, "परत न्हाई घ्यायचं. हाय तसंच राहू दे," आणि चपला शोधायला लागले.